नवरात्रातल्या कॅप्सूल

२२ सप्टें., सोमवार
घट बसले. छातीत यंत्र बसवून दोन महिने झाले. दसऱ्यानंतर त्याची टेस्ट. मला झोपवून हृदयाचे ठोके मुद्दाम बिघडवणार, यंत्र झटका देऊन ताळ्यावर आणतं का ते बघणार. तोवर रक्त पातळ ठेवणारी कॅप्सूल दोन वेळा. एकही चुकवायची नाही.
मांजरी गावच्या देवळात भजनातले तात्या म्हणाले, "कॅप्सूलचं कवच जनावराच्या हाडांचं असतं, माहीत आहे ना?"
माहीत नव्हतं.

२४ सप्टें.
गळ्यात माळ, त्यात उपास; तोंडात घालवेना. बाकी गोळ्या घेतो. कॅप्सूल तेवढ्या डबीत राहू दिल्या. देव सांभाळील. सुनंदाला बोललो नाही.

३ ऑक्टो.
दसरा झाला. सकाळपासून कॅप्सूल पुन्हा सुरू.

६ ऑक्टो.
उद्या टेस्ट. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "एकही चुकली नाही ना? चुकली असेल तर सांगा, पुढे ढकलू."
सुनंदाच म्हणाली, "अहो मॅडम, हे एक वेळ बायकोला विसरतील, गोळी नाही."
मॅडम हसल्या. मी मान डोलावली.

१९ ऑक्टो.
डाव्या हातानं लिहितोय. टेस्ट पास. यंत्रानं एका झटक्यात ठोके ताळ्यावर आणले. पण हृदयात साकळलेली गुठळी सुटली, मेंदूत गेली. उजवी बाजू गेली. वाचा गेली. नाम मनातल्या मनात, तेही मधेच तुटतं.

२३ ऑक्टो.
नर्सबाईंनी कॅप्सूल पुढे केली. मी नुसता बघत राहिलो.
"घ्या हो काका. कवच झाडापासूनचंच आहे. गळ्यात माळ असलेले सगळे हेच विचारतात."
म्हणजे नऊ दिवस मी

२७ ऑक्टो.
अमोल म्हणाला, "पप्पा, मॅडमवर केस टाकतोय. सोडत नाही त्यांना." सुनंदा म्हणाली, "धडधाकट माणूस नेऊन दिला होता मी."
संध्याकाळी मॅडम आल्या. खुर्चीत बसून राहिल्या. "माझं कुठे चुकलं, कळत नाही हो."
मान हलवता येते मला. हलवली नाही.

२ नोव्हें.
काल वही चोवीस सप्टेंबरच्या पानावर उघडी ठेवली, झोपेचं सोंग घेतलं. सुनंदा आली. माझं खाजगी म्हणून न बघताच मिटली, वर अंगाऱ्याची पुडी ठेवली.
उद्या अमोल वकिलाकडे जाणार.
आज पुन्हा उघडी ठेवतो. पंख्यानं पान उलटतं. वर चष्मा ठेवतो.