मॅटाडोरच्या टपाला दोन भोकं

प्रिय शबानाचे अब्बा,

आपली मॅटाडोर परवा विकली. भोंगवलीचा एक भाजीवाला घेऊन गेला. आतलं अस्तर आधी काढून ठेवा म्हणाला होता, त्याला क्रेट लावायचे होते. चार दिवस मी एकटीच उचकटत होते. शबाना फोनवर म्हणाली, अम्मी, माणूस लाव. पण तुमच्या हातचं काम परक्याकडून फोडून घ्यायला मन होईना. आता दंड वर उचलत नाहीत. अंगात काही त्राणच उरलं नाही. तरी हे लिहिल्याशिवाय आडवं पडवणार नाही, म्हणून बसले.

किती पक्कं केलं होतंत हो ते! एकेक तुकडा निघता निघत नव्हता.

तुम्हाला वेल्ह्याकडच्या गावांतून शिलाई मशिनी दुरुस्त करायला जावं लागायचं. एकदा गेलात की तीन-तीन दिवस. शबाना सासरी गेली आणि मीही तुमच्याबरोबर निघाले. तुम्ही मशिनी उघडायच्या, मी बायकांचे ब्लाउज बेतून द्यायचे. झोपायचं गाडीतच. पावसाळा निभला, पण थंडी आली आणि माझा खोकला सुरू झाला. बाहेर गारठा आणि आत पत्र्याला घाम. सकाळी गोधडी पिळावी इतकी ओली.

मीच कटकट केली ना? रोज म्हणायचे, ही गाडी आहे की बर्फाची पेटी?

मग तुम्ही पहिल्यांदा गोणपाट ठोकलंत. ते भिजलं, कुबट वास मारायला लागलं. ते काढलंत. भोरच्या बाजारात टीव्हीच्या खोक्यांतलं थर्माकोल दुकानादुकानांतून मागून आणलंत, पत्र्याला चिकटवलंत, वरून प्लायवूड. दाराच्या फटींना सायकलच्या ट्यूबा कापून पट्ट्या. खिडक्यांना माझ्या जुन्या रजया. महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं तुम्हाला. जेवायला बोलावलं तरी म्हणायचात, एवढी एक फट राहिली.

आणि झालीही गाडी ऊबदार. केळदला पहिल्या मुक्कामात मी किती दिवसांनी सलग झोपले.

दुसऱ्या मुक्कामाला ते घडलं. उजाडत होतं. मी खोकत उठले, म्हणून तुम्ही कोळशाची शेगडी आत घेतलीत. दार लावून घेतलंत, वारं येऊ नये म्हणून. थोड्या वेळानं माझं डोकं जड झालं. तुम्हाला सांगायला उठले तर पायच नव्हते. पुढचं मला अर्धवट आठवतं. दार उघडल्याचा आवाज. तुम्ही बाहेर पडलात, म्हणजे खरोखरच पडलात, तोंडावर. मग गुडघ्यांवर रांगत परत आत आलात. माझ्या दोन्ही बगलांत हात घालून मला ओढलंत. थांबत होतात, श्वास घेत होतात, परत ओढत होतात. पाण्याला निघालेली एक बाई हंडा टाकून धावत आली, तोवर मी मातीत होते आणि तुम्ही माझ्या शेजारी ओकत होतात.

मला बोलता यायला लागलं तेव्हा चार माणसं जमली होती. त्यांच्यादेखत मी तुम्हाला म्हणाले, "मला मारायलाच आणलं होतं का हितं?"

दुपारी छिन्नी-हातोडी घेऊन टपावर चढलात. महिनाभर खपून बुजवलेला पत्रा दोन ठिकाणी फोडलात, पाऊस आत येऊ नये म्हणून वर पत्र्याच्या टोप्या बसवल्यात. शेगडी त्या बाईला देऊन टाकलीत. त्यानंतर खिडकी कधी पुरती लावली नाहीत. खिडकीकडच्या बाजूला तुम्ही झोपायचात.

आणि मी काय केलं? त्याची गंमत केली. लग्नात, ईदला, बायका जमल्या की माझी तीच गोष्ट. यांनी मला लोणच्यासारखी बरणीत घालून बंद केली होती, म्हणायचे. सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात. रांगत परत आल्याचं मी कधीच सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर हसू आलं नसतं.

भाचीच्या साखरपुड्याहून परतताना तुम्ही एकदाच म्हणालात, "हमीदा, ती गोष्ट नको सांगत जाऊ. म्या लई भ्यालो होतो त्या दिवशी."

मी म्हणाले, एवढी चेष्टाही सोसत नाही का तुम्हाला? आणि पुढच्या ईदला परत सांगितली. तेव्हा तुम्ही उठून बाहेर गेलात. मी पाहिलं होतं. तरी गोष्ट पुरी केली.

तुम्ही तरी का नाही रागावलात? एकदा जोरात बोलला असतात तर मी थांबले असते. असं आता वाटतं. थांबले असते का, कोण जाणे.

मग दोन वर्षांपूर्वी तुमच्या छातीत कळ आली आणि मी बाजारातून येईपर्यंत तुम्ही गेलात. माफी मागायचं म्हणून ठेवलेलं राहूनच गेलं.

परवा त्या भाजीवाल्यानं टपाकडे बघून विचारलं, ही भोकं कशाला पाडलीत? बरणी, लोणचं, सगळं तोंडाशी आलं. पण चार दिवस तेच प्लायवूड ओढून हात सोलले होते. हसवायची ताकद नव्हती. मी त्याला खरं सांगितलं. माझ्या मालकांच्या पायात बळ नव्हतं, तरी ते रांगत मला न्यायला परत आले, एवढंच. त्यानं त्या भोकांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, "राहू द्या तशीच. न्हाई बुजवत म्या."

पुढच्या महिन्यात शबानाच्या घरी सगळे जमणार आहेत. कुणीतरी म्हणेलच, हमीदाआपा, ती गाडीची गोष्ट सांगा. मी सांगेन. ज्यांना हसवलं, त्यांच्यासमोरच पुरती सांगेन. कुणी हसलं नाही तरी चालेल. हा माझा शब्द.

तुमची,
हमीदा