डाव्या चाकाखालचं ऑइल

प्रिय खारू,

पत्राचं पाकीट बघून धसका घेऊ नकोस. बाबा आहेत, मी आहे, घर जागेवर आहे. फोनवर जे तोंडातून बाहेर पडत नाही ते लिहून तरी होतंय का बघू, म्हणून दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर फोटोंच्या फ्रेम करायच्या टेबलाशी येऊन बसलेय. समोर कुणाच्या तरी पणजोबांचा फोटो पालथा पडलाय, त्याचा मागचा पुठ्ठा कापायचा राहिलाय. राहू दे. पणजोबांना कसली घाई नाही.

आधी माझं खोटं कबूल करते. आठ महिने झाले, दर रविवारी तू विचारतेस आणि दर रविवारी मी सांगते की सुधारतायत, हळूहळू बोलतायत. ते बोलत नाहीत, खारू. झटका आला त्या दिवसापासून त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय. "नाही." चहा घेता का विचारलं की "नाही", आणि कप ओढून घेतात. पंखा लावू का, "नाही", आणि पंख्याकडे बोट. डॉक्टर म्हणाले की समजतं त्यांना बहुतेक सगळं, पण बोलायला गेलं की तोच एक शब्द निघतो. चौतीस वर्षं माझ्या प्रत्येक गोष्टीला हा माणूस नाहीच म्हणत आला, त्यामुळे पहिला आठवडा मला काही फरक कळलाच नाही, असं सांगून मी शेजारच्या वहिनींना हसवते. त्या हसतात, मीही हसते, आणि मग आत येऊन भांडी घासत बसते. उजवा हात लोंबतोय, उजवा पाय फरपटतो. डावी बाजू शाबूत आहे. डाव्या हाताने जेवतात, काठी धरून अंगणापर्यंत जातात. एवढंच. हस्ताक्षर उजव्या हातातलं होतं ते गेलं, आणि डाव्या हातात पेन्सिल दिली तर फेकून देतात.

मी पिकअप चालवायला शिकले हे सांगितलं होतं, ते मात्र खरं आहे. त्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. दर मंगळवारी त्यांना खाली दवाखान्यात न्यायचं असतं, एक तास व्यायाम आणि एक तास बोलायला शिकवणाऱ्या बाई. तुला आपला उतार आठवतोय ना? फाटकापासून पुलापर्यंत सात वळणं, आणि शेवटच्या वळणावर तो कठडा अर्ध्यातच संपतो. तुझे बाबा तिथून काचा घेऊन उतरायचे, मागे टेकवायच्या लाकडी घोडीवर माणसाएवढ्या आठ-आठ काचा उभ्या, आणि कधी एक तडकली नाही. ब्रेक अख्ख्या पायाने नाही, नुसत्या अंगठ्याने दाबायचा असतो म्हणायचे. मी उतरते तेव्हा मात्र दोन्ही हातांनी चाक आवळून धरते आणि उतार संपेपर्यंत श्वास घेत नाही. ते शेजारी बसून समोर बघत असतात. मी गिअर चुकले की "नाही" म्हणतात. तेवढं मला समजतं.

गेल्या महिन्यात ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. आधी थोडं, मग पार खालपर्यंत जायला लागलं. पुलाजवळ तीनदा दाबलं तेव्हा गाडी थांबली, तीही एका हातगाडीपासून हातभर अंतरावर. घरी येऊन बघितलं तर पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूने ऑइल ओघळलेलं. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, गाडी खाली घेऊन या. म्हटलं, अरे बाबा, ब्रेकच नाहीत तर खाली आणू कशी? तर म्हणतो, "हळू आणा, काकू." मग म्हणाला, मीच येतो. तीनदा येतो म्हणाला, तीनदा आला नाही. शेवटी रबराच्या सीलचं पाकीट पोस्टमनबरोबर वर पाठवून दिलं, म्हणजे त्याच्या बाजूने विषय संपला.

त्या शुक्रवारी मी जॅक घेऊन अंगणात बसले. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं चाक काढलं, आणि आत ती चकती आणि तिला चिमटीत धरणारा लोखंडी जबडा बघून कुठून सुरुवात करू तेच कळेना. त्याला कॅलिपर म्हणतात हेही मला धड माहीत नव्हतं. तेवढ्यात काठीचा आवाज आला. तुझे बाबा लाकडी स्टूल डाव्या हाताने ढकलत ढकलत आले आणि माझ्या शेजारी बसले. मी चुकीच्या बोल्टला पाना लावला की "नाही". बरोबर लावला की तेही "नाही", पण जरा लांबवलेलं. अर्ध्या तासात मला दोन्हींतला फरक कळायला लागला. आतला दट्ट्या अडकून बसला होता, तर ते मला धरून उठले, ड्रायव्हरच्या जागी चढले आणि डाव्या पायाने पेडल दाबून दाबून तो बाहेर काढला. मी धुवायला रॉकेलची बाटली उचलली तर माझ्या हातावर फटका मारला, इतक्या जोरात की बोटं झिणझिणली. रॉकेलने रबर फुगतं म्हणे, ते मला नंतर गॅरेजवाल्याने सांगितलं. मग मी ब्रेकच्याच ऑइलने सगळं पुसलं आणि नवीन सील बोटांनी खाचेत बसवलं. फ्रेमच्या बारीक पट्ट्या बसवून बसवून बोटं तयार झालीत माझी, पहिल्या फटक्यात बसलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मग हवा काढायचं काम. ते तुला माहीतच आहे. सात वर्षांची होतीस, बसून पाय पोचायचा नाही म्हणून पेडलवर उभी राहायचीस आणि "धरलंऽऽय" अशी ओरडायचीस की गल्लीतली कुत्री भुंकायची. खिशात जागा नाही म्हणून नट गालात ठेवायचीस, तेव्हाच तर खारू झालीस. त्या दिवशी तुझ्या जागी ते होते आणि त्यांच्या जागी मी. ते तीनदा दाबून पाय रोवून धरायचे आणि म्हणायचे "नाही", मग मी चाकामागचं हवा सोडायचं निपल पान्याने अर्धा आटा सैल करायचे, नळीतून बुडबुडे आणि ऑइल बाटलीत यायचं, की परत घट्ट. आधी उजवीकडे, मग डावीकडेही. बुडबुडे संपले तेव्हा पेडल दगडासारखं झालं होतं. त्यांनी ते एकदा दाबून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसले. अर्धंच तोंड हसतं आता, पण हसले. मी अंगणात बसून रडले आणि ते माझ्या काळ्या हातांना बोट दाखवून "नाही, नाही, नाही" करत हसत राहिले. मला वाटलं, सुटलो आपण. आता पुढे चांगलंच होणार.

खारू, पुढचं लिहायला हात जड होतोय.

त्यानंतर दुसऱ्या सोमवारी डाव्या चाकाखाली डाग दिसला. निपल अर्धा आटा सैल होतं. मला वाटलं, माझीच चूक, नीट आवळलं नसणार. स्वतःला शिव्या घातल्या, त्यांना पेडलवर बसवून परत हवा काढली. या वेळी ते हसले नाहीत. खाली बघून नुसते दाबत राहिले. मंगळवारी जाऊन आलो. पुढच्या सोमवारी परत डाग, परत तेच निपल, तेवढंच सैल. आणि त्याच्या कडांवर पान्याचे ताजे चकचकीत ओरखडे. मी पेटी उघडली तर दहाचा पाना नाही. घर पालथं घातलं. शेवटी त्यांच्या खुर्चीची गादी उचलली तर खाली तोच. त्यांच्या डाव्या हाताची बाही हुंगली. त्या ऑइलचा वास आता मी झोपेतही ओळखेन.

मी पाना त्यांच्यासमोर ठेवला. विचारलं, "अहो, हे तुम्ही केलंत?" म्हणाले, "नाही." विचारलं, दवाखान्यात जायचा कंटाळा आलाय म्हणून? "नाही." परत मिळून दुरुस्ती करायची होती, त्या शुक्रवारसारखी? "नाही." तुम्हाला स्वतःलाच काही नीट करून बघायचं होतं का? "नाही." मग जे विचारायचं नव्हतं तेही विचारलं. आपण दोघांनी त्या वळणावरून जावं, म्हणून? "नाही." पाचही वेळा तसंच, सपाट, ना लांबवलेलं ना तोडलेलं. होय असेल तर एक बोट, नसेल तर दोन, असं बाईंनी शिकवलंय, तर त्यांनी मूठ वळली ती उघडलीच नाही. मग भिंतीकडे तोंड केलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ज्या माणसाच्या खोकल्यावरून मला त्याचा राग कळतो, त्याने मला परत शेजारी बसवायला ते केलं की मारायला, हे मला कळत नाही.

पण हे पत्र त्यांच्यासाठी लिहिलेलं नाही. माझ्यासाठी लिहितेय. त्या सोमवारी मी निपल आवळलं नाही. विसरले नाही, आवळलं नाही. मंगळवारी सकाळी त्यांना आंघोळ घातली, इस्त्रीचा शर्ट घातला, गाडीत बसवलं, फाटक उघडलं. पायाखाली पेडल मऊ होतं, मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. दोघंही समोर बघत होतो. इंजिन चालू होतं आणि माझ्या मनात काहीच नव्हतं, भीती नाही, राग नाही, फक्त आता परत भांडी घासावी लागणार नाहीत एवढंच आलं. किती वेळ तशी बसले सांगता येत नाही. वहिनींनी पलीकडून हाक मारली, येताना लिंबं आणशील का म्हणून. मी म्हटलं, आणते. आणि मग मी हँडब्रेक ओढला, किल्ली काढली, खाली उतरून चारी चाकांना दगड लावले. ते तसेच बसून होते. दार उघडलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि सोडेनात.

किल्ली आणि सगळे पाने आता वहिनींकडे आहेत. निपल मी आवळलंय, दोनदा तपासलंय. तरी मला माझा भरवसा नाही. गेल्या रविवारी तुला सांगणारच होते, पण तू विचारलंस आणि तोंडाने आपोआप म्हटलं, सुधारतायत. सहा वर्षांपूर्वी तू नवऱ्याचं घर सोडून इथे आलीस, आणि त्यांनी दारातच सांगितलं की त्याला घेऊन येणार असशील तर ये. तू म्हणालीस, तुम्ही स्वतः बोलवाल तेव्हाच येईन. मी दोघांच्या मधे उभी होते आणि गप्प राहिले, ते माझंच चुकलं. नंतर कितीदा त्यांनी फोन उचलून ठेवून दिला ते मी पाहिलंय, आणि तेही तुला सांगितलं नाही, कारण त्यांनीच बोलायला हवं असं मला वाटायचं. आता ते बोलवू शकत नाहीत, बाळा. कधीच बोलवू शकणार नाहीत. म्हणून मी बोलावतेय. मला एकटीला झेपत नाही. पत्र मिळेल त्या दिवशी निघ. येत्या मंगळवारी गाडी तू चालव, मी त्यांच्या शेजारी बसेन.

तुझीच, वाट बघणारी,
आई