घट्ट म्हणजे ताजं

ठाणे,
गुरुवार, १४ ऑक्टोबर १९९३

ती. मालूताईस,
सरूचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. तिकडे ठीक नाही हे मला माहीत आहे, त्यामुळे खुशाली विचारण्यात वेळ घालवत नाही. भावोजी आमच्या हॉस्पिटलच्या लॅबबाहेर बाकावर बसलेत. दोन चहा झाले त्यांचे. पत्र हातात पडल्याशिवाय कोलशेतला परत जायचं नाही, असं बजावलंय. तुझा चष्मा फुटून वर्ष झालं आणि नवा तू केलेला नाहीस, तेव्हा तुझी लेक वाचून दाखवेल. शेवंती, एक ओळ गाळायची नाही.

ताई, तुला काय म्हणावं? गाठ हाताला लागली आषाढात. नारळी पौर्णिमा होऊ दे म्हणालीस. मग गणपती होऊ देत. शेवटी भावोजींनी ओढून आणलं, तर मला न कळवता खालच्या खाली गाठीचा तुकडा तपासायला देऊन गेलीस. रिपोर्ट आला, गेल्या गुरुवारचं ऑपरेशन ठरलं, आणि तू आलीच नाहीस. पितृपक्षात कोणी अंगाला सुरी लावून घेतं का, म्हणे. परवापासून नवरात्र, मग दसरा, मग दिवाळी. वर्षात एक दिवस असा दाखव जो तुझ्या सोयीचा आहे.

आज भावोजींनी तुझा निरोप सांगितला, तोही मान खाली घालून. "घट्ट हाय, दुखत नाय, म्हंजे आतून बरा हाय. नासलेला असता तं मऊ परला असता." हे ताईच म्हणाली का, असं मी त्यांना दोनदा विचारलं.

तीस वर्षं तू ठाण्याच्या बाजारात बोटाने दाबून मासा ओळखतेस. गिऱ्हाईक डोळे मिटून तुझ्यावर विश्वास ठेवतं. पण अंग म्हणजे मासळी आहे का? आणि मासळीचाच न्याय लावायचा तर नीट लाव. ताजं पापलेट दाबलं की बोटाखाली दबतं आणि परत वर येतं. तुझी गाठ दाबून बघ. ती दबत नाही, हलत नाही. एवढा फरक तुझ्या बोटाला कळू नये, याचा मला जास्त संताप येतो.

मला कसं कळलं ते सांगते. तुझा तुकडा मीच कापला. इथे तो मेणात बसवतात आणि यंत्राच्या पात्याने कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात. अकरा वर्षं माझं तेच काम. मऊ तुकडा असला तर काप अलगद सुटतो. या तुकड्यावर पातं अडखळायला लागलं. मी चिडून, कोणाचा आहे हा, म्हणून नंबराची चिठ्ठी उलटली आणि तुझं नाव वाचलं. पुढचे काप मी कसे काढले ते मला आठवत नाही.

तुझा दुसरा हट्ट असा की, रक्त चांगलं आहे, कधी साधा ताप नाही, अंगच गाठीला पळवून लावील. हे मात्र अगदीच वेड्यासारखं नाही. रोगाशी भांडणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्या रक्तात असतातच. रंग दिल्यावर मायक्रोस्कोपखाली त्या निळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. तुझ्या मी बघितल्या, ताई. थव्याने आल्या होत्या. तुझं रक्त आळशी नाही. पण गाठीभोवती आणि गाठीत तंतूंचं दाट जाळं झालंय. कोलीमसारखी इवलीशी कोळंबीसुद्धा निसटणार नाही इतक्या बारीक भोकांचं. त्यामुळे त्या सगळ्या काठावर खोळंबून उभ्या होत्या. आत पोचलेल्या अगदी थोड्या. आमच्या डॉक्टरबाईंना वाटतं की तिथल्या दाटीत सापडलेल्या पेशींचा जोरही कमी होत असावा, पण त्याचा अजून कोणाला नीट पत्ता लागलेला नाही. मी विचारलं, थोडी वाट बघितली तर? त्या म्हणाल्या, "सरस्वती, त्या पेशींच्याने आत जाणं होणार नाही. गाठ आपण काढायची. अजून वेळ आहे, पण तो घालवू नका."

त्या काठावरच्या पेशी मला पुन्हा बघवल्या नाहीत. मला जिना आठवला.

शेवंती, इथून पुढचं हळू वाच आणि मोठ्याने वाच.

आयेच्या दहाव्याला तू मला विचारलंस, "आये तुजेकडं दाखवाया आलती का गो?" मी "नाही" म्हणाले. ते खोटं होतं. ती आली होती. चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये, बाजार उरकून, पाटी डोक्यावर घेऊन. मी नुकतीच नोकरीत कायम झाले होते. खाली कोण मासेवाली आलीय, म्हणून लॅबमध्ये कोणीतरी नाक मुरडलं. मी धावत जाऊन तिला अर्ध्या जिन्यातच अडवलं. ती म्हणाली, "सरू, काखंजवल गाठ आयलीय. डाक्टरला इचारशील?" मी म्हटलं, इथेच बस, काम संपवून येते. त्या दिवशीचं माझं काम तेव्हाच संपलेलं होतं. पाच वाजता सगळे गेल्यावर मी खाली उतरले, तर जिना रिकामा. पानात बांधलेली दोन पापलेटं ती वॉचमनकडे ठेवून गेली होती. ती मी घरी नेली, तळली आणि खाल्ली. तिने परत गाठीचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही. वर्षाच्या आत ती गेली.

तू पुन्हा तो प्रश्न केला नाहीस, पण नऊ वर्षांत माझ्या डोंबिवलीच्या घराची पायरी चढली नाहीस, तेव्हा तुला कळलं असणार. माझ्यावर हवी तितकी चीड. तोंड बघू नकोस, शेवंतीच्या लग्नाला बोलावू नकोस. पण तो राग ऑपरेशनवर काढू नकोस. मला फार भीती वाटते, ताई. दिवसभर चिडचिड करते ती त्यामुळेच.

येत्या गुरुवारी, एकवीस तारखेला, सकाळी आठला ये. नवरात्र आहे हे मलाही कळतं, देवीची माफी मी मागते. धक्क्यावरून तशीच आलीस तरी चालेल, लुगडं बदलत बसू नकोस. पाटी असली तर पाटी घेऊन ये. मी खाली दारात उभी असेन. पाटी माझ्या डोक्यावर दे आणि माझ्या मागून जिना चढ. ज्यांना नाक मुरडायचं त्यांना मुरडू दे.

आयेला जिन्यात बसवून ठेवणारी,
तुझी धाकटी बहीण
सरू