सोयरिकीचा घास

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि परवा नातीचं बोलणं ऐकून मी हे पत्र लिहायला बसले. ती डॉक्टरकी शिकते. तुमच्या अंगावरच्या फोडांचा विषय सहज निघाला, तर म्हणाली, त्या आजारात शरीराची राखण करणारी शक्तीच आपल्या कातडीवर उलटते. तोंडात फोड येतात, आणि कधी अन्ननलिकेतही येऊन आतलं अस्तर सोलून निघतं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. धुळ्याच्या डॉक्टरांच्या नव्या गोळ्यांनी तुमचे छाती-पाठीवरचे फोड वाळले होते, सदरा अंगाला चिकटेनासा झाला होता, म्हणून सगळं ब्राह्मणपुरी गाव तुम्हाला बरं झालेलं समजत होतं. घास उतरत नाही म्हणालात, की आई म्हणायची, दुखण्यातून उठलेल्या माणसाचे लाड. तिला बिचारीला काय ठाऊक!

तशात खापर गावाहून मला पाहायला मंडळी आली. आपल्याकडे दोघे व्याही एका ताटात जेवले की सोयरीक पक्की. वरण-बट्टी केली आहे, मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी आहे. तुम्ही बट्टी कुस्करता, वर वरण घेता, आणि हात ताटातच राहतो. मुलाच्या वडिलांचाही हात थांबतो.

"याही जेवत नही, मंग सोयरीक मंजूर नही शे का?" ते विचारतात.

"मंजूर शे. जेवस मी," तुम्ही म्हणता आणि घास घेता. मग आणखी एक. ताट संपेपर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहतंय, तरी हसताय. मंडळींना वाटलं, ठेचा झोंबला.

त्यांची बैलगाडी वेशीबाहेर गेल्यावर तुम्ही मोरीत ओकलात. रक्त होतं, आणि रक्तात पांढरट कातडीची वीतभर नळी. माणसाच्या आतून असं काही बाहेर येऊ शकतं, हे मला आजही खरं वाटत नाही. तुम्ही तांब्याभर पाणी ओतून ते लोटलंत, तोंड पुसलंत आणि पोरीचं भलं झालं म्हणालात.

पुढे तुम्ही गार दुधावर जगलात आणि माझ्या लग्नानंतर वर्षाच्या आत गेलात. हे पत्र घरात कुणाला वाचून दाखवता येणार नाही. नवरा तर शेजारच्याच खोलीत आहे, आणि माणूस चांगला आहे. पण आबा, तुमचा हात ताटात थांबला तेव्हा दाराआड मी देवाला म्हणत होते, तो तसाच राहू दे. मला ते स्थळ नको होतं.