भोंग्यावर न पुकारलेला आहेर

रविवार, १२ मे १९८५

पुडकं अजून चुलीपाशीच पडलंय. उघडायला हात धजत नाही.

आज धाकट्या बहिणीचं लग्न झालं. गडचांदूरहून लाउडस्पीकर मागवायचा हट्ट माझाच. नागपूरच्या व्याह्यांसमोर आपल्याकडचा आहेर माईकवर पुकारला गेला पाहिजे ना! कोणी काय आणलं त्याच्या चिठ्ठ्या मीच लिहून माईकवाल्याला देत होते.

तेवढ्यात सोमीबाई आली. एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावी मी पहिल्यांदा मास्तरीण म्हणून गेले, तेव्हा मला एकटीला भीती वाटते म्हणून वर्षभर माझ्याजवळ निजायला येणारी ही म्हातारी. दोन एसट्या बदलून आलेली. पळसाच्या पानांत बांधलेली चारोळी हातात देत म्हणाली, "माह्यं नाव सांगजो वो बाई त्या भोंग्यात."

आधीची चिठ्ठी स्टीलच्या हंड्याची, नंतरची भिंतीवरच्या घड्याळाची. मध्येच पळसाच्या पुडक्यातली चारोळी? व्याही हसतील, वाटलं. तिची चिठ्ठी मी लिहिलीच नाही. काऊन केलं मी असं? पुडकं गुपचूप चुलीपाशी नेऊन ठेवलं.

कान फुटतात म्हणून सगळे भोंग्यापासून दूर सरकले होते. ती एकटीच त्याच्या खाली बसली. दोनदा जेवायला बोलावलं, तर हातानेच थांब म्हणाली.

आहेर संपल्यावर मी जवळ गेले.

"मले कमी ऐकू येते वो बाई. झालं का माह्यं नाव?"

"झालं," मी म्हणाले.

"मंग आता जेवतो," म्हणाली, आणि हसत उठली.