सगळ्यांबरोबर माझीही बदली

कोल्हापूर

आप्पा, तुमच्या पाया पडून सुष्मिता लिहिते.

मी बरी आहे. अव्वा फोनवर बोलते, पण पेपरात बातमी आल्यापासून तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून हे पत्र.

पगाराच्या दिवशी यंत्रमागावरचे कामगार चौकीजवळच्या त्यांच्या कॉलनीत परतायचे, तेव्हा आमच्या चौकीतले पोलीस त्यांना अडवून पैसे काढायचे. त्यांच्या बायकांनी पार मंत्र्यांपर्यंत तक्रार नेली, मग सरकारनं चौकशी लावली. चौकशीच्या साहेबांसमोर मी खरं काय ते सांगितलं. चौकीतून मी एकटीच बोलले. वाटलं, आता गुन्हे दाखल होतील.

पण सरकारनं अख्ख्या चौकीचीच नुसती बदली केली. एकाच आदेशात त्यांच्याबरोबर मीही. पेपरानं 'भ्रष्ट पोलिसांची उचलबांगडी' म्हणून आमचा सगळ्यांचा फोटो छापला. फौजदार तर हसत गेले, त्यांना घराजवळची जागा मिळाली.

चौकीतलं सामान आणायला गेलते तेव्हा शेजारच्या कॉलनीतल्या शिवम्माक्का दारात उभ्या होत्या. दुपारची भाकरी मला त्याच द्यायच्या. म्हणाल्या, "तूबी त्यातलीच निघालीस की गं!" चौकशीत कोण काय बोललं, ते बाहेर कुणाला कळत नाही.

इथं मुख्यालयात काम हलकं आहे, जेवणही बरं असतं. तुमचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का?

गावात लोक काय म्हणतात ते नका सांगू. पण आप्पा, तुम्हाला काय वाटतं तेवढं फोन करून सांगा. रागवायचं असेल तरी चालेल.

तुमचीच लेक,
सुष्मिता