सभा चालू असताना फाटक बंद

१८ फेब्रुवारी
वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची सुट्टी संपली. कारखाना उघडला. छत्तीस कामगार गावी गेले होते, परतले एकोणीस. बाकीचे म्हणे तिकडेच पार्सलं वाटणार. किळस आली. आमच्या दातांग गावचे मोजे घालून अर्धं जग चालतं, आणि यांना पार्सलं वाटायची आहेत.
निदान केलं. ऑर्डरी व्हिएतनामला जातात त्या तिथल्या स्वस्त मजुरीमुळे नव्हे, इथल्या ढिलाईमुळे. उपाय: सकाळची सभा दहाऐवजी पंचवीस मिनिटं. सगळे रांगेत उभे. बोलणार मी.

२६ फेब्रुवारी
विषय: टाच आणि राष्ट्र. दोघं उभ्याउभ्या झोपले.
नंतर बियान मिस्त्री आला. तेवीस वर्षं माझी यंत्रं तोच सांभाळतो. म्हणाला, शेठ, मला सभेतून सोडा, तेवढ्यात तेल घालतो, सुया बघतो, नाहीतर पहिला डझन वाया जातो. मी म्हणालो, एकाला सोडलं की रांग मोडते. म्हणाला, रांग मोडली तर परत लावता येते, सुई मोडली तर बाहेरून मागवावी लागते.
उद्धट. पण माझी सहनशक्ती दांडगी.

११ मार्च
परदेशी खरेदीदारांच्या एजंट लाय बाई ८ एप्रिलला नमुने बघायला येणार. अंगठ्याशी शिवण नसलेले मोजे. बायको शुईफन पॅकिंग बघते. ती म्हणते, ही ऑर्डर गेली तर मे महिन्यात कुलूप. तिला दूरदृष्टी नाही.
सभा चाळीस मिनिटं केली. उशिरा येणारे मधेच घुसतात, माझी लय तुटते. वॉचमनला हुकूम दिला: सभा चालू असताना फाटक बंद. साक्षात धनदेव आला तरी.

२० मार्च
बियान गेला. समोर, फेंगच्या कारखान्यात. तिथे सभाच नाही. लोक येतात आणि सरळ कामाला लागतात, गुरांसारखे. शिसारी.
शुईफन म्हणाली, माफी मागा आणि घेऊन या त्याला. मी म्हणालो, कारखाना माणसावर नाही, विचारावर चालतो. म्हणाली, मग विचाराला सांगा तीन नंबरचं यंत्र बघायला, सकाळपासून बंद आहे.

२९ मार्च
यंत्र स्वतः दुरुस्त केलं. मोज्याला अंगठ्याशी शिवण राहिली नाही. अंगठाही राहिला नाही. किरकोळ सुधारणा बाकी.

७ एप्रिल
नमुने तयार. सहा मोज्यांपैकी दोन एकमेकांशी जुळतात. बाईंनी माझं बोलणं ऐकलं की मोज्यांकडे बघायची गरजच उरणार नाही.

८ एप्रिल, सकाळ
आजवरचं सर्वोत्तम भाषण. विषय: वक्तशीरपणा. मधेच फाटकाबाहेर कुणीतरी हॉर्न वाजवू लागलं. या देशात लाज नावाची गोष्ट उरलेली नाही. रस्त्यावरच्या सभ्यतेवर खास दहा मिनिटं जास्त बोललो. हॉर्न थांबला. वाणीचा परिणाम.

दुपारी दोन
लाय बाईंचा पत्ता नाही. वॉचमनला विचारलं. म्हणाला, शेठ, त्या सकाळी आठलाच आल्या होत्या, पांढरी गाडी, हॉर्न देत होत्या. मी म्हणालो, मग उघडलं का नाहीस? म्हणाला, धनदेव आला तरी नाही म्हणालात, ह्या तर नुसत्या एजंट.
बाई समोर फेंगकडे गेल्या. बियानने म्हणे त्यांना चहा दिला आणि नमुने दाखवले. डावा-उजवा दोन्ही सारखे. चापलूस लेकाचा.

१९ एप्रिल
ऑर्डर फेंगला. बारा कामगारही फेंगला. माझ्या शिकवणीतलं एक अक्षर कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. सभेचा वेळ कमी पडला, हीच चूक.

६ मे
सकाळी सात पन्नास. सभा. विषय: निष्ठा. हजर: शुईफन.
तिला म्हणालो, सरळ उभी राहा. म्हणाली, लवकर आवरा, आठला मला फेंगकडे पॅकिंगला जायचंय. तुमचंही विचारलंय तिथे. ट्रकमध्ये खोकी चढवायला माणूस हवाय. बियान म्हणाला, येऊ द्या शेठना, फक्त बोलायचं नाही.
अट अत्यंत अपमानास्पद आहे. होकार कळवला.